आक्काची दुसरी कवळी

माझ्या थोरल्या जावेचे, मंजुळाबाईचे दात काजळासारखे काळे होते आणि तिला त्यांचा भारी अभिमान होता. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. लग्नाच्या साली सासूने तिला पहिलं दातवण लावलं, तेव्हापासून तिचा एक दिवस चुकला नव्हता. हिरडा, मायफळ आणि हिराकस कुटून घरीच केलेली ती काळी पूड. सकाळी आधी कुंकू, मग बोटाने दातवण. आखाडा बाळापुरात तिच्या वयाच्या सगळ्या सवाष्णींची हीच रीत होती. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि दातवण सोडायचं. मग दात हळूहळू पांढरे पडत जायचे. बाई हसली की तिचा धनी आहे की नाही ते गावाला कळायचं.

मी, चतुरा, उमरखेडची. पैनगंगेच्या पलीकडची, म्हणजे इंग्रजी मुलखातली. चार यत्ता शिकले होते आणि सासरी येताना डब्यातली गुलाबी पावडर आणि ब्रश घेऊन आले होते. शेजारच्या द्वारकाबाईने तो ब्रश बघून विचारलं होतं, "हे काय, म्हशी धुवायचं?" माझ्या पांढऱ्या दातांवरून मी पुष्कळ ऐकून घेतलं. मग "वऱ्हाडातल्या बायांचं तसलंच असतंय" असं ठरवून गावाने माझा नाद सोडला. मीही गावाचा सोडला.

देश स्वतंत्र झाला आणि आम्ही निजामातच राहिलो, त्या सालची ही गोष्ट. पोळा झाला आणि आक्काचे मालक उत्तमराव, म्हणजे आमचे दादा, नदी ओलांडून वऱ्हाडात गेले. तिथे आमच्याकडच्या माणसांचे लढ्याचे कॅम्प पडले होते. जाताना एवढंच म्हणाले, "बैलं नीट बघा." बायकोला काही बोलले नाहीत. पुरुषांना अशा वेळी बैलच आठवतात. पुढे सरहद्दीवरचा एक नाका जळाला आणि त्यात दादांचं नाव आलं. मग पोलीस अमीन घोड्यावरून यायचा, आमच्या बाजेवर बसायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "उत्तमराव हाजिर नाही झाला तर त्याच्या भावाला घेऊन जाऊ." तो भाऊ म्हणजे माझा नवरा संतराम. नाव लिहिलं, तोंडाने घेणार नाही. अमीन गेला तरी त्याचा एक जवान आमच्या दारासमोरच्या लिंबाखाली घुटमळत राहायचा. रझाकार कुठल्या गावात शिरले, कुणाचं घर पेटवलं, याच्या बातम्या रोज यायच्या. घरात कुणाचं चित्त जाग्यावर नव्हतं. भाकरी करपायच्या.

त्यात आक्काच्या हिरड्या पेटल्या. दात हलायला लागले, गाल सुजून डोळा बारीक झाला. दातातली कीड काढते म्हणून एक बाई आली. तिने कानाजवळ नळी धरून फुंकर मारली आणि तळहातावर पांढऱ्या अळ्या दाखवल्या. सगळ्यांनी हाय खाल्ली. मी आधीपासून तिच्या मुठीकडे बघत होते, अळ्या तिथूनच निघाल्या होत्या, म्हणून मी तिला तिथूनच वाटेला लावलं. मग हे म्हणाले, "वहिनी, हिंगोलीला चला. तिथं दाताचा डाक्टर आलाय."

वहीद डॉक्टर हैदराबादहून आलेले, गोरे, किडकिडीत, सारखे हात धुणारे. त्यांच्याकडे वरखाली होणारी खुर्ची होती आणि शिंप्याच्या मशीनसारखं पायाने चालवायचं एक यंत्र होतं. पायटा मारला की टोकाची सुई गरगर फिरायची. आक्का खुर्चीत बसली ती देवाचं नाव घेतच. डॉक्टरांनी आरशाची काडी तोंडात फिरवली आणि मान हलवली.

"बाई, एक बी रखने जैसा नहीं. सब निकालना पडेंगा."

"जीव जाईन," आक्का म्हणाली.

"नै जाता. सुई देता मैं. कुच मालूम बी नै होता."

आणि खरंच कळलं नाही. सुई दिली, जबडा बधिर झाला आणि दात निघाला तरी आक्का वाटच बघत होती. मला त्या सुईचं फार नवल वाटलं. दुखायच्या जागी दुखूच नये, असं औषध माणसाच्या हाती आलं होतं. मनाला देता आलं असतं तर मी सगळ्या घराला टोचून आणलं असतं.

फेऱ्या करत सगळे दात गेले. हिरड्या भरून येईपर्यंत आक्का पेज पीत राहिली आणि तोंडाला पदर लावून वावरली. बोळक्या तोंडाची तिला लाज वाटायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही ती कुणाकडे गेली नाही. आम्हालाही कुणाला दातांचं सांगू दिलं नाही. मग डॉक्टरांनी तोंडाचा ठसा घेतला आणि माघात कवळी तयार झाली. गुलाबी रबराच्या हिरड्या आणि त्यात बसवलेले चिनीमातीचे बिलायती दात. आक्काने आरशात पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे तर पांढरे हायेत."

"पांढरेच आते, बाई," डॉक्टर हसून म्हणाले. "आज कल शहर में सब लोगां ऐसेच मांगते."

"झ्याक दिसून राहिलं, वहिनी," हे म्हणाले. यांना बिचाऱ्यांना खरंच तसं वाटत होतं.

घरी आल्याबरोबर आक्काने दातवणाची डबी काढली. बोटाने घासघास घासलं. चूळ भरली की सगळी पूड बाहेर आणि दात पुन्हा पांढरे लख्ख. चिनीमातीवर हिराकस धरत नाही, हे तिला कोण सांगणार? तिने पुन्हा लावलं, पुन्हा धुतलं गेलं. शेवटी डबी बंद करून म्हणाली, "पदर हाय की तोंडाला."

पण पदर किती दिवस धरायचा? आठवडी बाजारात एका माळणीच्या टोपलीतली मेथी गावातल्या किसनरावाच्या बैलाने ओढली आणि जुडी तोंडात धरून तो ऐटीत पुढे निघाला. माळीण मागे, किसनराव तिच्या मागे. आक्का हसली. पोळ्यापासून पहिल्यांदा हसली. पदर सुटला आणि समोर नेमकी द्वारकाबाई उभी होती.

कवळी नावाची वस्तू गावात कुणी पाहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई गल्लीतल्या बायांना घेऊन आमच्या अंगणात आली आणि आल्या आल्या तिने गळाच काढला. कुणी पिठल्याचं पातेलं आणलं होतं, कुणी भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी आणतात, तसं.

"मंजुळे, काहून लपवलंस गं?" द्वारकाबाई रडता रडता म्हणत होती. "कुकू पोलिसाच्या भेवानं ठिवलंस, शेत जप्त करत्याल म्हून, कळतंय आमाला. पर दातवण लावायला तुजं मन झालं न्हाई. इतके दिवस तोंड झाकून फिरून राहिलीस. हळदीकुकवाला आली न्हाईस. आमी काय आंधळ्या हाव का?"

माझं डोकंच फिरलं. जिवंत माणसाच्या दारात पिठलं घेऊन येतात! चांगले चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आक्काने माझा दंड धरला. इतका जोरात की नखं रुतली. ती बायांकडे बघतच नव्हती. लिंबाखालचा जवान दारापाशी आला होता आणि रडणं ऐकून त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

आक्का मटकन खाली बसली. तिने कपाळ बडवून घेतलं आणि असा हंबरडा फोडला की क्षणभर मलाच वाटलं, बातमी आलीय आणि माझ्यापासून लपवलीय. द्वारकाबाईने दगड घेतला आणि तिच्या हिरव्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या. कुंकू पुसलं. मी मध्ये पडले नाही. 

बाया गेल्या तेव्हा आक्काच्या मनगटातून रक्त येत होतं. मी रागारागाने चिंधी आवळून बांधत होते.

"हे काय केलंस आक्का?"

"चतुरे, मेलेल्या माणसाला अमीन कशाला हुडकील?" ती म्हणाली. "आता ते संतरामभावजीला न्हेणार न्हाईत. आमच्या मालकावर बी कुणी टपून बसणार न्हाई."

आणि तसंच झालं. जवानाने वर सांगितलं असावं. अमीन एकदा येऊन आक्काचे पांढरे दात आणि मोकळं कपाळ बघून गेला आणि परत आला नाही. लिंबाखाली आता नुसती कुत्री बसायची.

पण गावाला दाखवायचं तर सगळंच करावं लागलं. यांनी मुंडण केलं, नदीकाठी दहावं केलं. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं तरी शिवेना. भटजींनी सांगितलं, काय इच्छा राहिली असेल ती बोला. हे बैलांचं बोलले, शेताचं बोलले. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. लोक हळहळले, दादांचा जीव कशात तरी अडकलाय म्हणाले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी येऊन हे आक्काला सांगत होते, तेव्हा तिचे डोळे असे चमकले की मी पटकन दार लोटलं. कावळ्यांना माहीत होतं, एवढाच तिला आधार.

तो आधार फार दिवस पुरला नाही. आक्काच्या पायाला जणू भिंगरी बांधली होती. गोठ्यातून दारात, दारातून गोठ्यात. जात्यावर बसली की अर्ध्यातून उठायची. रिकामं मनगट चाचपायची. नदीपलीकडून निरोप येणं बंदच होतं. दादा आहेत की नाहीत, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

"म्या माझ्या हातानं त्यांचं मरण मांडून ठिवलं," ती एकदा म्हणाली. "देवानं खरं धरलं तर?"

"देवाला कळत नाही का?"

"अमीनाला कळलं न्हाई, द्वारकेला कळलं न्हाई. देव बी वरूनच बघतोय ना?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काळे दात पायजेत. निस्ते देवापुढं घालायला. कुकू लावलं तर पुसलं तरी डाग राहतंय, बांगडी वाजती. दात काढून ठिवता येत्यात."

मी कपाळाला हात लावला. रांडव बाईने डॉक्टरकडे जाऊन काळे दात मागायचे, म्हणजे नवरा जिवंत आहे अशी दवंडीच की! आणि डॉक्टर मुसलमान, हिंगोलीत राहणारा, अमीन-तहसीलदारांत ऊठबस असलेला. मी पुष्कळ भांडले. पण ती जेवेना. शेवटी मीच तिला मोटारीत बसवून हिंगोलीला नेलं. सगळी वाट मी तिला बोल लावत होते आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती.

वहीद डॉक्टरांनी तिला पाहिलं. मोकळं कपाळ पाहिलं, रिकामी मनगटं पाहिली.

"बहोत अफसोस हुआ, बाई," ते म्हणाले. "दात टोचतेत का?"

"न्हाई. मला दुसरी कवळी पायजे," आक्का म्हणाली. "काळी."

डॉक्टर हात धूत होते. पाणी तसंच वाहत राहिलं. त्यांनी आक्काच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  मी मनात एक खोटं तयार करत होते, पांढरे दात लवकर मळतात, असं काहीतरी. पण त्यांनी विचारलंच नाही.

"मेरी अम्मी मिस्सी लगाते थे," ते सावकाश म्हणाले. "काले दात, एकदम तुमारे सरीके. अब्बा गुजरे उस दिन से छोड दिये." त्यांनी नळ बंद केला. "मैं कुच पूछा नै, तुम कुच बोले नै. काले रबर में बना देता. पंधरा रोज के बाद आओ."

बाहेर आल्यावर आक्काच्या जिवात जीव आला आणि माझा गेला. पंधरा दिवस मी तापल्या तव्यावर उभी होते. रस्त्याला घोडा दिसला की मला अमीनच दिसायचा. हा माणूस गप्प बसेल कशावरून? आईच्या आठवणीने मन विरघळलं असेल, पण आठवण किती दिवस टिकते? पोलिसांनी दमात घेतलं तर? मी यांच्यावर ओरडायची, बैलांवर ओरडायची. आक्का मात्र शांत झाली होती, त्याचाही मला राग यायचा.

कवळी आणायला गेलो तेव्हा दवाखान्याच्या दाराशी घोडा बांधलेला होता. तो घोडा मी हजारात ओळखला असता. मागे फिरायला मी वळले, पण डॉक्टरांनी आतून पाहिलं होतं. "बैठो बाई, बैठो," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले.

अमीन खुर्चीत आडवा पडला होता. तोंड आ वासलेलं, गालात कापूस. डॉक्टर पायटा मारत होते आणि सुई त्याच्या दाढेत गरगरत होती. आमच्या बाजेवर पाय पसरून बसणारा हा माणूस खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून डोळ्यांतून पाणी गाळत होता. एरवी मला मजा वाटली असती. पण शेजारच्या टेबलावर, औषधाच्या बाटल्यांपुढे, पांढऱ्या वाटीत काळी कवळी ठेवलेली होती. उघडी.

यंत्र थांबलं. अमीन थुंकायला उठला आणि त्याची नजर वाटीवर गेली.

"ये क्या है? किसके हैं?"

आक्काने पदर तोंडावर घेतला. पदराआड तिचे पांढरे दात वाजत होते, ते मला ऐकू येत होतं. अमीन एकदा वाटीकडे आणि एकदा आमच्याकडे बघत होता.

"मेरे अम्मी के," डॉक्टर म्हणाले. सुई पुसत होते, हात जरासुद्धा हलला नाही. "मिस्सी लगाते थे ना. यादगारी में बनाया. मुंह खोलो, साब, दाढ अभी आधी हुई."

अमीनाने तोंड उघडलं. यंत्र पुन्हा गरगरायला लागलं आणि या वेळी डॉक्टर पायटा जरा जास्तच जोरात मारत होते, असं मला वाटलं.

तो गेल्यावर डॉक्टरांनी वाटी आक्कापुढे धरली. आक्काने पांढरी कवळी काढली, काळी बसवली आणि आरशात पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं. मग तिने वाकून डॉक्टरांना नमस्कार केला. ते दोन पावलं मागे सरकले आणि पुन्हा हात धुवायला गेले.

त्या दिवसापासून रोज पहाटे दार लावून आक्का काळे दात घालायची आणि देवापुढे उभी राहायची. ओठ मागे घेऊन देवाला दात दाखवायची. बघ बाबा, मी कोण आहे ते. मग उजाडायच्या आत ते देव्हाऱ्यामागच्या डबीत ठेवून, पांढरे दात घालून अंगणात सडा टाकायला जायची. मी तिला हसले नाही. एकदा मीसुद्धा तिच्या शेजारी हात जोडून उभी राहिले.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. कॅम्पांतली माणसं घरी यायला लागली. रोज कुठल्या तरी गावातून कुणी परत आल्याची खबर यायची. दादा येत नव्हते. आक्का दर मोटारीला उठून दारात जायची आणि परत येऊन बसायची.  मलाही आता पिंडाच्या कावळ्यांवर भरवसा ठेवणं जड जात होतं.

आम्ही अंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. भर दुपार होती. दारात दाढी वाढलेला एक माणूस येऊन उभा राहिला. मी ओळखलं नाही. आक्का उठली, तिच्या ओटीतल्या शेंगा सांडल्या. बोलायला तिने तोंड उघडलं.

दादा तिच्या उघड्या तोंडाकडे बघतच राहिले. पांढरे दात. मोकळं कपाळ. रिकामे हात. 

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"तुमी," आक्का म्हणाली.

आणि ती वळून तडक आत गेली. मी दादांना बसायलाही सांगितलं नाही. आतून देव्हाऱ्यामागची डबी उघडल्याचा आवाज आला. आक्का परत आली, दादांच्या पुढ्यात उभी राहिली आणि ओठ मागे घेऊन त्यांना दात दाखवले. काळेभोर, पहिल्यासारखे.

ते दाखवून झाल्यावर मग ती रडली.